कामगार आठ, आकडा एक

शाळेच्या गणितात ‘काळ, काम, वेग’ नावाचे एक प्रकरण असे. त्यात चार मजूर एक भिंत बारा दिवसांत बांधत आणि आठ मजुरांना किती दिवस लागतील, असा प्रश्न येई. उत्तर सहा. हे मजूर म्हणजे मनुष्यजातीचा एक लोकविलक्षण नमुना होता. त्यांच्यात कुणी तंबाखू मळत नसे, थापी एकच आहे म्हणून कुणी ताटकळत नसे, एकाने लावलेली वीट दुसरा उचकटत नसे. ४,८०० मजूर लावले आणि दिवस चोवीस तासांचा धरला, तर तीच भिंत साडेचौदा मिनिटांच्या आत उभी राही. एवढी माणसे भिंतीपाशी उभी कुठे राहणार, असे विचारणाऱ्या मुलाला गुरुजी बाकावर उभे करत.

तो मुलगा पुढे संगणकशास्त्रात गेला असावा. कारण गेली साठ वर्षे त्या शास्त्रातली एक आख्खी शाखा हाच प्रश्न विचारते आहे.

एके काळी या प्रश्नाशी थोड्यांचेच देणेघेणे होते. सामान्य प्रोग्रामरला वेग हवा असला, की तो नुसती वाट पाही; वर्षा-दोन वर्षांत नवी चिप येई आणि जुनाच प्रोग्राम काही न करता जोरात धावे. मग चिपा तापू लागल्या. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला आणि पुढच्याच वर्षी एका चिपेत दोन-दोन कोअर घालून विकायला सुरुवात केली. आज स्वस्तातल्या मोबाइलमध्येही आठ कोअर असतात. दुकानदाराच्या तोंडून ‘आठ’ ऐकताना गिऱ्हाइकाला बरे वाटते. त्या आठांना कामाला कसे जुंपायचे, हे मात्र खोक्यावर छापलेले नसते.

निदान एक इशारा छापायला हरकत नव्हती. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हिशेब मांडून ठेवला होता: कामाचा जो भाग एका वेळी एकालाच करता येतो, तो जर पाच टक्के असेल, तर कामगार शंभर लावा नाहीतर लाख, वेग वीसपटीच्या वर जाणार नाही. पाच टक्के म्हणजे किरकोळ, असे ऐकणाऱ्याला वाटते. पण त्या पाच टक्क्यांत बहुतेकदा सगळ्यांच्या मालकीचा एखादा आकडा दबा धरून बसलेला असतो.

आकडा फार महत्त्वाचा असायला हवा, असेही नाही. समजा, कामाच्या किती नोंदी पार पडल्या, एवढेच मोजायचे आहे. होतकरू प्रोग्रामर पायथन या भाषेत ‘मोजणी’ नावाचे एक व्हेरिएबल करतो, त्यात शून्य ठेवतो, चार वर्कर प्रोसेस सोडतो आणि प्रत्येकाला सांगतो की, बाबा रे, यात एक लाख वेळा एक-एक मिळव. लॅपटॉपचा पंखा घरघरतो, चारही कोअर शंभर टक्क्यांवर जातात, काम संपते. अपेक्षित उत्तर चार लाख. पडद्यावर येते शून्य.

यात कुणाचीही लबाडी नसते. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे ‘फोर्क’ म्हटले की चालू प्रोसेसची हुबेहूब नक्कल तयार होते आणि त्या क्षणापासून दोघींची मेमरी वेगळी होते. चौघा वर्करांनी आपापली ‘मोजणी’ इमानेइतबारे एक लाखापर्यंत नेली आणि काम संपताच त्या लाखासकट ते चौघे निवर्तले. मूळ प्रोसेसपाशी जे शून्य होते, त्याला कुणी बोटही लावले नव्हते.

मग शोधाशोध होते. पायथनमध्ये २००८ सालच्या २.६ आवृत्तीपासून ‘मल्टिप्रोसेसिंग’ नावाचे मोड्यूल आहे आणि त्यात ‘व्हॅल्यू’ नावाची सोय आहे: सगळ्या प्रोसेसना दिसेल अशा सामाईक मेमरीत एक आकडा ठेवून मिळतो. प्रोग्रामर आनंदाने तो वापरतो. या वेळी शून्य येत नाही. चार लाखही येत नाहीत. चार लाखांहून कमी असा काहीतरी आकडा येतो आणि पुन्हा चालवले की त्याहून निराळा येतो.

कारण ‘एक मिळव’ हा हुकूम दिसतो एक, पण असतात तीन: आकडा वाच, त्यात एक मिळव, परत लिही. एका वर्करने ४१ वाचले; तो बेरीज करतो आहे तोवर दुसऱ्यानेही ४१ वाचले; दोघांनीही मोठ्या समाधानाने ४२ लिहिले. दोघांनी काम केले, भर एकाचीच पडली, आणि दोघांचीही पाठ थोपटली गेली. सरकारी अहवालांच्या वाचकांना हा प्रकार परिचयाचा वाटेल. गंमत अशी, की ‘व्हॅल्यू’ला कुलूप असतेच. वाचताना ते लागते, लिहिताना ते लागते. फक्त मधल्या बेरजेच्या वेळी दार सताड उघडे राहते. पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. तिथपर्यंत लोक उत्तर चुकल्यावर पोहोचतात.

शेवटी प्रोग्रामर तिन्ही पायऱ्यांभोवती मिळून एकच कुलूप लावतो. आता चार लाख येतात, दर वेळी येतात, दृष्ट काढावी इतके बिनचूक येतात. आणि एकट्याने साधी मोजणी केली असती, तर लागला असता त्याच्या कितीतरी पट वेळ घेऊन येतात. चौघांपैकी एक जण मोजत असतो, उरलेले तिघे कुलपाकडे बघत असतात.

पायथन यावर ‘मॅनेजर’ही देते. ही आणखी एक वेगळी प्रोसेस. सामाईक यादी तिच्या ताब्यात राहते आणि प्रत्येक वर्करला तिच्यामार्फतच बदल करावा लागतो. यादीच्या आत दुसरी यादी असेल आणि वर्करने तिच्यात परस्पर फेरफार केला, तर तो मॅनेजरपर्यंत पोहोचतच नाही. वर्करला वाटते काम झाले, मॅनेजरला वाटते काही घडलेच नाही. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलेले दिसते.

हा मनस्ताप नवा नाही. १९६५ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने जेमतेम एका छापील पानाचा निबंध लिहिला. अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालू असताना कळीच्या जागी एका वेळी एकच जण शिरेल, अशी व्यवस्था कशी करायची, हा त्याचा विषय. दोघांपुरते उत्तर त्यांचेच देशबांधव डेकर यांनी आधी काढले होते. डाइक्स्ट्रांनी ते कितीही जणांना लागू केले. त्या पानावर एक अट मोठी रंगतदार आहे. दोघेही दाराशी थांबून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहतील आणि आत कुणीच जाणार नाही, अशी शक्यता अगदी क्वचितची असली तरी ते उत्तर ग्राह्य धरायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. लखनवी शिष्टाचार संगणकशास्त्रातून कायमचा हद्दपार झाला तो असा.

पुढे या विषयातल्या मोठमोठ्या माणसांना एक खोड लागली. प्रश्न कुलपांचा असला, तरी तो सांगायचा खाण्यापिण्याच्या भाषेत. डाइक्स्ट्रांनी १९६५ मध्ये परीक्षेत एक प्रश्न घातला: पाच संगणक, पाच टेप ड्राइव्ह, आणि प्रत्येकाला एका वेळी शेजारचे दोन लागतात. टोनी होअर यांनी त्या संगणकांचे तत्त्वज्ञ केले, त्यांना गोल टेबलाभोवती बसवले, पुढ्यात स्पॅगेटी ठेवली आणि दोन ताटांमध्ये एक याप्रमाणे पाच काटे मांडले. खायला दोन काटे हवेत. पाचही तत्त्वज्ञांनी एकदम आपापला डावा काटा उचलला, की उजवा कुणालाच मिळत नाही. हातातला ठेवायला कुणी तयार नसतो, आणि पाचही विचारवंत भरल्या ताटापुढे उपाशी मरतात. यालाच डेडलॉक म्हणतात. हाताने जेवणाऱ्या समाजात हा प्रश्न सुचलाच नसता.

एक उत्तर सोपे आहे: काट्यांना एक ते पाच क्रमांक द्यायचे आणि प्रत्येकाने लहान क्रमांकाचा काटा आधी उचलायचा. मग वर्तुळ पुरे होतच नाही, कुणीतरी एक जण नक्की जेवतो. आजही मोठ्या प्रोग्राममध्ये कुलपे कोणत्या क्रमाने घ्यायची, याचे नियम लिहून ठेवलेले असतात. नव्याने रुजू झालेला माणूस ते वाचतो ते सर्व्हर ठप्प झाल्यानंतर.

१९७१ मध्ये एमआयटीतल्या सुहास पाटील यांनी विडीकाडीचा प्रश्न आणला. आडनाव वाचून ताठ होणाऱ्या मानांसाठी सांगायला हवे, की पाटील यांचा जन्म जमशेदपूरचा आणि शिक्षण खरगपूरच्या आयआयटीतले; पुढे त्यांनी अमेरिकेत सिरस लॉजिक ही चिप कंपनी काढली. त्यांच्या कोड्यात तिघे धूम्रपानी आहेत. एकाकडे अमाप तंबाखू, दुसऱ्याकडे अमाप कागद, तिसऱ्याकडे अमाप काड्या. चौथा एक इसम कोणत्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. तिसरी ज्याच्याकडे आहे त्यानेच त्या उचलून ओढायचे. डाइक्स्ट्रांच्या सेमाफोर नावाच्या कुलपांना, पाटलांनी घातलेल्या अटी पाळून, हे जमत नाही, असा त्यांचा दावा होता. १९७५ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी उलट टपाली कळवले, की मुळात त्या अटीच अवाजवी आहेत. तिघे आपापला माल मांडीवर घेऊन एकमेकांकडे पाहत बसले आहेत, आणि काडी पेटण्याआधी दोन विद्वान अटींवर वाद घालत आहेत, हे दृश्य पारावर बसून वाढलेल्या कुणालाही परके वाटू नये.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७४ मध्ये बेकरी गाठली. आत येणाऱ्याने क्रमांक घ्यायचा, लहान क्रमांकवाल्याला आधी पाव. पण इथे क्रमांक वाटणारे यंत्र नाही, कारण ते यंत्र हीच पुन्हा एक सामाईक वस्तू झाली असती! म्हणून प्रत्येकाने बाकीच्यांचे क्रमांक डोकावून पाहायचे आणि सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवून तो आपला मानायचा. दोघांनी एकदम डोकावले, तर दोघांचा क्रमांक तोच येणार. अशा वेळी ज्याचा मूळचा ओळख-क्रमांक लहान, तो पुढे. आणखी कमाल म्हणजे दुसरा क्रमांक लिहीत असतानाच कुणी तो वाचला आणि भलताच आकडा दिसला, तरीही ही रांग मोडत नाही. रेशनच्या दुकानापुढे चपला ठेवून नंबर लावणाऱ्या जनतेला यातला अर्धा भाग कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता हे सगळे कागदावरचे खेळ, असे म्हणून सोडून देता आले असते. पण सामाईक मेमरी प्रयोगशाळेतून बाहेर पडली, की तिचे प्रताप फार दूरवर जातात.

४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्यातला संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. यानात निरनिराळी कामे आपापल्या अग्रक्रमाने चालत आणि माहितीची देवाणघेवाण एका सामाईक जागेतून होई. त्या जागेचे कुलूप हवामान मोजणाऱ्या कनिष्ठ कामाने घेतलेले असे. एक वरिष्ठ काम त्यासाठी खोळंबलेले असे. आणि नेमके तेव्हा मधल्या दर्जाचे एक लांबलचक काम येऊन कनिष्ठाला बाजूला सारी. मधल्याचा कुलपाशी काही संबंध नव्हता, पण त्याच्यामुळे कनिष्ठ पुढे सरकेना आणि कनिष्ठामुळे वरिष्ठ. पहारा ठेवणारी यंत्रणा पाही, की महत्त्वाचे काम झालेलेच नाही, आणि सरळ सगळे बंद करून पुन्हा सुरू करी. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर हा घोळ पुन्हा घडवून पाहिल्यावर उपाय सापडला: कुलूप बनवताना एका ठिकाणी ‘नाही’ होते, तिथे ‘होय’ करायचे. मग वरिष्ठ खोळंबला असेल तोवर कुलूपधारक कनिष्ठाला वरिष्ठाचा दर्जा मिळतो. ही दुरुस्ती रेडिओने मंगळावर पाठवली गेली. तात्पुरती बढती दिल्याने काम झाल्याची इतकी लांबची नोंद दुसरी नसावी.

१४ ऑगस्ट २००३ ची गोष्ट पृथ्वीवरची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे देणारी यंत्रणा दुपारी गप्प झाली. दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच माहितीवर लिहायला गेल्या, माहिती बिघडली आणि इशारे देणारा प्रोग्राम त्या बिघडलेल्या माहितीभोवती गोल गोल फिरत बसला. झाडांना लागून तारा एकामागून एक बंद पडत होत्या, आणि कक्षातल्या लोकांना तासाभराहून अधिक काळ सारे आलबेल दिसत होते. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. ते सॉफ्टवेअर त्याआधी ठिकठिकाणी मिळून तीस लाख तासांहून अधिक बिनबोभाट चालले होते. दोन प्रोसेसची ती भेट व्हायला काही मिलिसेकंदांची फट पुरली.

एका उदाहरणापाशी मात्र हसू आवरावे लागते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिल्या आणि त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्या अपघातांत यंत्र चालवणारी व्यक्ती पडद्यावरची चूक आठ सेकंदांच्या आत, म्हणजे सरावाने फार चपळाईने, दुरुस्त करत असे. टंकलेखन सांभाळणारे काम आणि यंत्राची मांडणी करणारे काम एकाच सामाईक माहितीवर विसंबून होते आणि ही दुरुस्ती दुसऱ्याला दिसत नसे. संथपणे चालवून पाहिले, की यंत्र निर्दोष ठरे.

या जातीच्या दोषांचा हाच स्वभाव: पाहायला गेले की ते लपतात. प्रोग्राममध्ये तपासणीसाठी एक ओळ छापायची सोय केली, की त्या छपाईला लागणाऱ्या क्षणार्धात सगळ्यांच्या वेळा हलतात आणि दोष नाहीसा होतो. ओळ काढली, की परत हजर. बर्कलीचे प्राध्यापक एडवर्ड ली यांच्या गटाने एक मोठे सॉफ्टवेअर डोळ्यांत तेल घालून लिहिले होते. सहकाऱ्यांकडून तपासणी, प्रत्येक ओळ पारखणाऱ्या चाचण्या, सगळे यथासांग. ते चार वर्षे सुरळीत चालले आणि २६ एप्रिल २००४ रोजी डेडलॉक होऊन ठप्प झाले. ली यांनी २००६ मध्ये थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकच मेमरी वाटून घेत समांतर चालणारे कामाचे धागे, या कल्पनेविरुद्धच एक खणखणीत निबंध लिहिला. त्यांना तारीख तोंडपाठ असल्याचे नवल नाही.

पायथनने या साऱ्यावर बालपणीच एक रामबाण शोधला होता. वेगवेगळ्या वस्तूंना वेगवेगळी कुलपे लावण्यापेक्षा प्रोग्राम चालवणाऱ्या सबंध इंटरप्रीटरलाच एक कुलूप. एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवणार. बाकीचे किती का असेनात. याचे नाव जीआयएल. सुरक्षित, साधे, आणि एका कोअरच्या जमान्यात कुणाचे काही अडतही नव्हते. कोअर वाढल्यावर अडू लागले. ते कुलूप काढून पाहण्याचा एक प्रयत्न १९९६ मध्येच ग्रेग स्टाइन यांनी केला होता. कुलूप निघाले, पण एकटा चालणारा प्रोग्राम फारच मंदावला. मग निर्माते गिडो व्हान रॉसम यांनी अट घातली, की एकट्याचा वेग घटणार नसेल, तरच असला बदल घेऊ. या अटीवर लोक वर्षानुवर्षे डोके आपटत राहिले. अखेर सॅम ग्रॉस यांची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलपाविना पायथन प्रयोगादाखल मिळू लागले. ज्याला हवे असेल त्याने ते मुद्दाम मागून घ्यायचे.

तोवर लोकांनी थ्रेड सोडून प्रोसेसचा रस्ता धरला होता, आणि तिथे पायथनने निराळीच मौज दाखवली. फोर्क झाल्यावर सगळी मेमरी लगेच दोनदा साठवायची गरज नसते. जोवर कुणी बदल करत नाही, तोवर दोघांनी एकच प्रत वाचावी आणि लिहायची वेळ आली की मेमरीचे तेवढे पान वेगळे करून घ्यावे, अशी ऑपरेटिंग सिस्टिमची काटकसर असते. पण पायथनमधल्या प्रत्येक वस्तूवर तिला सध्या किती जण धरून आहेत, याचा आकडा लिहिलेला असतो. नुसते पाहायला म्हणून वस्तू हातात घेतली, तरी तो वाढतो. म्हणजे वाचणे हेच लिहिणे. वर्करने काही न बदलता पानामागून पान स्वतःचे होत जाते.

इन्स्टाग्रामचे सर्व्हर पायथनवर चालतात आणि तिथल्या अभियंत्यांना आपल्या वर्करांमधली सामाईक मेमरी अशीच झपाट्याने आटताना दिसली. शोध घेतल्यावर या आकड्यांहून मोठा गुन्हेगार निघाला तो पायथनचा कचरा वेचणारा प्रोग्राम: झाडलोट करताना तो प्रत्येक वस्तूच्या माथ्यावर आपली खूण बदलत जाई. २०१७ च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केले, की आम्ही सफाई कामगारच बंद केला आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांनी वाढली. ज्यांच्या घरी आवराआवर टाळण्याचे खापर आळसावर फोडले जाते, त्यांनी ही नोंद कापून ठेवावी. पुढे २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत काही वस्तूंना अमरत्व बहाल झाले. होय, नाही आणि काहीच नाही, या अर्थाच्या पायथनच्या तीन मूळ वस्तू त्यांत आहेत; त्यांना कितीही जणांनी धरले-सोडले, तरी त्यांच्यावरचा आकडा आता हलत नाही.

काहीच वाटून न घेणाऱ्यांनाही शेजार सुटत नाही. दोन वर्करांचे दोन स्वतंत्र आकडे मेमरीत लागून असले, तर प्रोसेसर त्यांना बहुधा ६४ बाइटांच्या एकाच पट्टीत धरतो. एकाने आपला आकडा बदलला, की दुसऱ्याची पट्टी शिळी ठरते आणि नव्याने आणावी लागते. दोघांचे एकमेकांशी काहीही देणेघेणे नाही, तरी दोघेही रखडतात. यावर मान्यताप्राप्त उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये मुद्दाम मोकळी, निरुपयोगी जागा सोडणे. मुंबईतल्या माणसाला हा उपाय परवडणारा वाटणार नाही.

मग एक पंथ म्हणू लागला, की सामाईक असे काही ठेवूच नये. ज्याचे त्याच्यापाशी, लागेल ते निरोप पाठवून मागवावे. होअर यांनी १९७८ मध्ये या विचाराची शिस्तशीर मांडणी केली, आणि ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने तिच्यावरून चिपच बनवली: ट्रान्सप्यूटर. प्रत्येकाची मेमरी स्वतःची आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. ही चिप पुण्याला आली. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात टी-८०० ट्रान्सप्यूटर होते, आणि कुणाचीही मेमरी कुणाला थेट दिसत नव्हती. दुसऱ्याच्या पानात डोकावायचे नाही, काय ते चिठ्ठी पाठवून विचारायचे, ही व्यवस्था पुण्यात चालायला हरकत नव्हतीच. दुपारी एक ते चारही ती बंद नसे, एवढाच काय तो बदल.

स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग ही भाषा घडवली, तिचाही हाच पंथ. तिच्यात लाखो चिमुकल्या प्रोसेस एका यंत्रावर नांदतात, प्रत्येकीची मेमरी वेगळी, आणि निरोप म्हणजे नक्कल. व्हॉट्सअ‍ॅपने आपले सर्व्हर याच भाषेत लिहिले. २०१२ मध्ये त्यांचा एकेक सर्व्हर वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळत होता, आणि २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी घेतली तेव्हा ४५ कोटी वापरकर्त्यांमागे अभियंते होते तिशीच्या आसपास. पहाटे आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला दवबिंदूंसकट गुलाब पन्नास नातेवाइकांच्या पन्नास प्रोसेसकडे निरोप म्हणून जातो. कुलूप कुठेही लागत नाही. लागायला हवे होते, असे मानणारा एक वर्ग त्याच ग्रुपवर असतो.

पण निरोपांनाही पोस्टमन लागतो. अर्लांगच्या प्रोसेसच्या टपालपेटीला मर्यादा नाही. वाचणारा मागे पडला, की निरोप साचत जाऊन यंत्राची मेमरी खाऊन टाकतात. पायथनमध्ये एका प्रोसेसकडून दुसरीकडे यादी पाठवायची, तर ती आधी बाइटांत गुंडाळायची, नळीतून ढकलायची आणि पलीकडे सोडवायची. कित्येकदा मूळ कामापेक्षा हे बांधणे-सोडणेच जास्त वेळ खाते. वेबसाइट चालवणारे लोक दहा-वीस वर्कर प्रोसेस लावतात आणि त्यांचे सामाईक आकडे रेडिस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये आणलेला हा सर्व्हर जगभर वापरला जातो आणि त्यात बेरीज चुकत नाही. का चुकत नाही? कारण आलेले हुकूम तो एकाच थ्रेडमध्ये, एकामागून एक पार पाडतो. एवढ्या खटाटोपानंतर रांग कुठेच गेलेली नसते. ती फक्त वर्करांच्या दारातून उठून रेडिसच्या दारात जाऊन बसलेली असते. मात्र तिथला कारकून विलक्षण चपळ आहे, हे मान्य करायला हवे.

२०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयसार्ड आणि डेरेक मरे या तिघांनी या धंद्याला एक खोडसाळ प्रश्न विचारला. नामवंत प्रणाली शंभर कोअर लावून किती धावतात, हे सगळे सांगतात. पण एकट्या थ्रेडला हरवायला त्यांना किती कोअर लागतात? त्यांनी ट्विटरवर कोण कोणाच्या मागे आहे, या सुमारे दीडशे कोटी दुव्यांच्या जाळ्यावरच्या एका ठरावीक हिशेबाचे प्रसिद्ध झालेले आकडे काढले. स्पार्क या प्रणालीला १२८ कोअरवर ८५७ सेकंद, ग्राफएक्सला १२८ कोअरवर ४१९. मग तेच काम साध्या प्रोग्रामने एका लॅपटॉपवर, एका थ्रेडमध्ये केले: ३०० सेकंद.

आकड्यांचा कस काढताना त्यांनी स्वतःलाही सोडले नाही, कारण तिघेही नायड नावाच्या अशाच एका प्रणालीचे कर्ते होते. ग्राफलॅब या आणखी एका प्रणालीला एकट्याची बरोबरी करायला ५१२ कोअर लागत होते. ग्राफएक्सच्या बाबतीत तर प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही मांडणीत तो क्षण आलाच नव्हता. नायडचे उत्तर निघाले सोळा. सोळा कोअर, त्यांच्यात अखंड निरोपांची ने-आण, एवढी सगळी यातायात करून एका माणसाच्या एका लॅपटॉपवरच्या एका थ्रेडशी बरोबरी. आणि हा त्या पाहणीतला चांगला निकाल होता.